एक लाइफ देतोस?

निकेतचा हात टीव्हीच्या स्विचपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. लवूच्या बंद घरात गेमचं संगीत एकसारखं वाजत होतं. तेच ते, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. लवूला हॉस्पिटलात नेल्यापासून, म्हणजे गेले तीन दिवस, ते वाजतच होतं. राई गावात तीन दिवस वीज गेली नाही, हेच मुळात नवल.

लवूच्या बायकोने, जागृतीने, त्याला कपडे आणायला पाठवलं होतं. टीव्ही तेवढा बंद करा, शेजारी वैतागलेत, असंही सांगितलं होतं. लवूने डेंग्यू अंगावर काढला होता. रविवारी निकेतची वाट बघत खेळायला बसला आणि बसल्या जागी कोसळला. तेव्हापासून तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टर वाट बघा म्हणत होते, पण म्हणताना नजर चुकवत होते.

पडदा पाहून निकेतला भडभडून आलं. दोन शिपायांचा तोच जुना गेम, दोघं शाळेत असल्यापासूनचा. लवू एकटा असला तरी दोन प्लेअर लावूनच सुरू करायचा. एक नंबर निकेतचा, दोन नंबर स्वतःचा. निकेत येईपर्यंत त्याचा शिपाई डाव्या कोपऱ्यात उभा करून ठेवायचा. त्या कोपऱ्यात गोळी लागत नाही, हे लवूचंच संशोधन. आताही निकेतचा शिपाई तिथे सुखरूप उभा होता, दोन जादा लाइफ शिल्लक ठेवून. लवूच्या बाजूला मात्र 'गेम ओव्हर' लुकलुकत होतं.

गेमच्या बाबतीत निकेतची मतं पक्की. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये त्याच्याकडे नवं कोरं मशीन होतं, पण कुणी विचारो न विचारो, भाषण ठरलेलं. हल्ली कंपन्या अर्धाकच्चा गेम विकतात आणि वर्षभर ठिगळं लावत बसतात. जुन्या गाजलेल्या गेमना नवा रंग फासतात, आणि आत बघावं तर जीव नाही. त्यांनी सर्व्हर बंद केला की आपण विकत घेतलेला गेम गायब. आणि लाइफ? ती तर आता कार्ड घासलं की मिळते. आपल्या वेळी लाइफ विकत मिळत नव्हती, शेजारी बसलेल्याने दिली तरच मिळायची. भाषण इथवर आलं की लवू हसून म्हणायचा, पुरे रे निक्या, खेळ आता.

त्या गेममध्ये आपल्या लाइफ संपल्या की बटण दाबून दुसऱ्याची घेता यायची. गेम परवानगी मागत नसे. लवू मागायचा. "एक लाइफ देतोस?" एवढं विचारल्याशिवाय त्याने कधी बटण दाबलं नाही. मिळाली की त्याचा शिपाई दोनदा खाली बसून उठायचा. ते लवूचं थँक्यू. या रविवारीही तो विचारायलाच थांबला असणार, आणि निकेत आलाच नव्हता. घरी नव्या गेमचं अपडेट उतरत होतं, ते संपेपर्यंत संध्याकाळ झाली.

टीव्ही आणि गेमचं मशीन एकाच स्विचवर होतं, आणि जुन्या मशीनमध्ये सेव्ह करायची सोय नसते. बंद केलं की संपलं. निकेतने स्विचवरचा हात काढून घेतला. आपण येडेपणा करतोय हे त्याला कळत होतं. तरी त्याने लादीवर मांडी घातली आणि दोन नंबरचा रिमोट उचलला. रिमोट कोमट होता, कुणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखा.

"घे," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

निकेतची एक लाइफ कमी झाली. लवूचा शिपाई लुकलुकत वरून खाली पडला. निकेतने अंगठा बटणावरून उचलला होता. शिपाई दोनदा खाली बसला आणि उठला. निकेतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात उजवीकडून गोळी आली आणि शिपाई आडवा झाला.

त्याच क्षणी फोन वाजला. जागृती रडत होती. डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं होतं, नाडी लागत नव्हती. कपडे राहू द्या, आधी तुम्ही या, एवढं कसंबसं बोलून तिने फोन ठेवला.

निकेतने कोपऱ्याकडे पाहिलं. अजून एक जादा लाइफ होती. ती दिली की जो उभा आहे तेवढाच उरणार. बाहेर लख्ख दुपार होती, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि निकेतला जन्मात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. त्याला गाडी काढून पळून जावंसं वाटलं. मग त्याने बटण दाबलं.

या वेळी लवूच्या शिपायाने थँक्यू म्हटलं नाही. पडल्या पडल्या तो धावत सुटला. गोळ्यांवरून उड्या मारत पुलाच्या पलीकडे गेला आणि तिथे जाऊन थांबला. निकेतने रिमोट हळूच लादीवर ठेवला.

जरा वेळाने जागृतीचा पुन्हा फोन आला.

"भावजी, शुद्धीवर आले," ती म्हणाली. "डॉक्टर बोलतात, असं कधी बघितलं न्हाय. पण पाणी न्हाय मागितलं, माझं नाव न्हाय घेतलं. तुम्हालाच काहीतरी इचारायला सांगतायत."

"काय?"

"बोलतात, निक्याला इचार, सोताला ठेवलीस का न्हाय?"

निकेतने पडद्याकडे पाहिलं. एक नंबरचा रिमोट टीव्हीखाली तसाच पडून होता, आणि त्याचा शिपाई कोपरा सोडून बाहेर चालत निघाला होता.