सारंगीची साक्ष

सारंगी घोडीला पायऱ्या चढता येत नव्हत्या, म्हणून न्यायाधीशबाईच कोर्टाच्या आवारात उतरून आल्या. जनावरांसाठीच्या नव्या कायद्याने घोडी स्वतः पक्षकार होती आणि तिचं म्हणणं तिच्याकडूनच ऐकायचं होतं. तिच्या कपाळाला बांधलेला पट्टा तिच्या मेंदूतला होकार-नकार बोलून दाखवायचा.

"मॅडम, सोळा वर्षं ती माथेरानला पर्यटकांना फिरवतेय," तिचा मालक किसन ढेबे म्हणाला. "तिला आवडच आहे. सकाळी हाक मारली की आपणहून पुढे येते."

बाईंनी सारंगीला विचारलं, "तुला पाठीवर माणसं घ्यायची आहेत?"

"नाही," पट्ट्यातून आवाज आला.

"आता वय झालंय तिचं," किसन घाईने म्हणाला. "तरुणपणी आवडायचं."

बाईंनी तेही विचारलं.

"नाही."

बाई पुन्हा सारंगीकडे वळल्या.

"मग सरकारी कुरणात जायचंय?"

"नाही."

"किसनकडे राहायचंय?"

सारंगीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"हो."

किसनला तो होकार जास्त जड गेला. घोडी त्याच्याकडेच राहील, पण तिला कामाला जुंपायचं नाही, असा निकाल झाला.

परतताना घाटात एका ओळखीच्या घोडेवाल्याने त्याला हटकलं. "अरे, खोगीर स्वतःच्या खांद्यावर कशाला? घोडी रिकामीच चाललीय ना!"

"ती नाही म्हणालीय," किसन म्हणाला, आणि तिच्या शेजारून चढ चढू लागला.