सेलिग, वय आठ दिवस

फेगाने तार तिसऱ्यांदा वाचली आणि ती खुर्चीत बसली.

"आज नाव ठेवलं. सेलिग. बाळ आणि मी सुखरूप. एस्तेर."

"सेलिग?" सेलिग म्हणाला. "म्हणजे माझं नाव?"

"तुझंच. दुसरा कोण आहे या नावाचा आपल्या घरात?"

मिखाएलबद्दल तारेत एक अक्षरही नव्हते.

मिखाएल हा त्यांचा एकुलता एक मुलगा, एस्तेरचा नवरा. ब्युनोस आयर्स सोडून तो इस्रायलमध्ये हैफाला राहायला गेला होता. लढाईच्या पहिल्याच दिवशी त्याला बोलावणे आले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्याची काही खबर नव्हती. सेलिगने वर्तमानपत्रातला नकाशा कापून बटणांच्या दुकानात भिंतीवर लावला होता. दुकानातल्याच टाचण्या घेऊन तो रोज संध्याकाळी सैन्य पुढे सरकवायचा. कॅफेतले मित्र त्याला जनरलसाहेब म्हणायचे. "जनरलसाहेब, आज सुएझ कालव्यापलीकडे जायचं की कॉफी घ्यायची?" तोही हसायचा. आता लढाई थांबून आठवडा झाला होता. टाचण्या जागच्या जागी होत्या.

"मिखाएलनं हे होऊ दिलं असतं?" फेगाने विचारले. "बाप जिवंत असताना बापाचं नाव?"

सेलिग आणि फेगा पोलंडहून आलेले ज्यू. त्यांच्यात बाळाला नाव मिळते ते गेलेल्या माणसाचे. जिवंत माणसाचे ठेवले, तर मृत्यूचा दूत यादी वाचताना घोटाळा करतो, असे त्याची आई सांगायची. मिखाएलला हे पाठ होते. त्याचे स्वतःचे नाव फेगाच्या वारलेल्या वडिलांचे होते. आणि आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, चारचौघांसमोर नाव सांगायचे असते ते बापाने. बाप हजर असता तर त्याने दुसरे नाव सांगितले असते.

म्हणजे बाप हजर नव्हता.

फेगा उठली. तिने कपाटातून पांढरी चादर काढली आणि ती आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"थांब," सेलिग म्हणाला. "घरातलं कोणी गेल्याचं नक्की कळल्याशिवाय आरसा झाकायचा नाही."

"कळलं की रे. आणखी काय कळायचं राहिलंय?"

तेवढ्यात जिन्यातून जीभ हलवत काढलेली एक लांबलचक किलकारी आली. ती ऐकून खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकू लागला. दार धाडकन उघडले. एस्तेरचे आईवडील, राफुल आणि लतिफे, आत आले. राफुलच्या हातात खजुराच्या वड्यांचे ताट होते.

"मुबारक हो, रूसो!" तो ओरडला. राफुलच्या लेखी पोलंडहून आलेले सगळे रशियनच. सेलिगच्या लेखी राफुलसारखे सीरियातल्या अलेप्पोहून आलेले सगळे तुर्क. "आता तुम्ही दोन झालात. एकच डोईजड होत होता!"

कोणी हसले नाही. लतिफेचे लक्ष चादरीकडे गेले.

"विहीणबाई, हे काय?"

"मिखाएल…" फेगा म्हणाली.

"मिखाएलचं काय? पहाटे दोन दिवसांच्या रजेवर आलाय. दाढी वाढलेली, कानांत वाळू. तसाच उभा राहिला नाव सांगायला. तासाभरापूर्वी एस्तेरचा आमच्या दुकानात फोन आला होता, तेव्हा मागून त्याच्याच घोरण्याचा आवाज येत होता."

"मग तारेत त्याचं नाव का नाही?" सेलिगने विचारले.

राफुल खरोखरच गोंधळला. "कशाला हवं? पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव दिलं, म्हणजे बाप हजर होता, सगळं यथासांग झालं. एवढी तार आमच्याकडे शेंबडं पोरही वाचेल."

"आमच्यात नाव दिलं नाही तर सासरा वर्षभर फुगून बसतो," लतिफे म्हणाली. "तुमच्यात काय, दिलं म्हणून फुगतात?"

फेगाने चादरीत तोंड खुपसले. ती रडते आहे की हसते आहे, ते कोणालाच कळेना. मग तिने ती चादर लतिफेच्या आणि स्वतःच्या खांद्यांभोवती गुंडाळली. दोघी तशाच डोलत राहिल्या. राफुलने सेलिगच्या तोंडात वडी कोंबली.

"चला! चार वाजता मिखाएल स्वतः फोन करतोय. टॅक्सी खाली थांबवलीय."

सेलिग घरातल्या सपातांवरच निघाला.

राफुलच्या दुकानात कापडाच्या ताग्यांमध्ये चौघे दाटीवाटीने उभे राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. महिनाभर मनात जुळवलेली सगळी वाक्ये सेलिग विसरला.

"अरे गाढवा," तो ओरडला, "मी अजून जिवंत आहे!"

"माहीत आहे, बाबा." आवाज दुरून येत होता, खरखरत. पण त्याचाच होता.

"मग? आपल्याकडे असं करतात का कधी? तुझ्या आजीनं ऐकलं असतं तर तुला सोडलं असतं का?"

"बाबा, आमच्याकडे रोज संध्याकाळी नावं वाचायचे. न परतलेल्यांची. माझ्या रणगाड्यातली तीन होती. आपल्या रीतीनं ठेवायचं तर माझ्याकडे नावांना तोटा नव्हता. मला एक तरी नाव असं हवं होतं, की हाक मारली तर कोणी ओ देईल."

सेलिगने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ओ," तो म्हणाला.