आधी संसार

ज्याने एका विद्येच्या घरी उमेदवारी केली आणि दुसरीच्या दारी कीर्ती मिळवली, त्याला एक ना एक दिवस ठरवावे लागते, की दुसरीचा नियम पाळावा की पहिलीचे ऋण फेडावे. त्या नामवंत दिग्दर्शकावर ही वेळ चित्रीकरणाच्या पहिल्याच दुपारी आली.

प्रसंग चित्रपटातला शेवटचा होता. विकलेल्या घराची किल्ली नव्या मालकिणीच्या हाती देऊन वृद्ध आई बाहेर पडते. उद्या घरात सामान लागायचे होते. रिकामे घर मिळणार ते आजच. म्हणून शेवट आधी.

आईचे काम करणाऱ्या बाईंचा उभा जन्म रंगमंचावर गेला होता. कॅमेऱ्यासमोर त्या प्रथमच आल्या होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा किल्ली दिली. दर खेपेस नुसतीच किल्ली दिली गेली.

निर्माता दिग्दर्शकाच्या कानाशी लागला. "ऊन उतरतंय, साहेब. आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बोलावू."

बाईंना ते ऐकू गेले. "त्यांचं काही चुकलं नाही," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "पण अरे, अजून संसार मांडलाच नाही, तर मोडू कसा?"

एके काळी दिग्दर्शक बाईंच्याच नाटक मंडळीत बदली नट होता. जो आजारी पडेल त्याची भूमिका याच्या गळ्यात. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"दिवे बंद करा. सगळ्यांनी भिंतीला टेकून बसा. बाई, पहिल्या प्रवेशापासून."

"आणि बाकीची पात्रं?"

"मी आहे की. सून जरा दाढीवाली मिळेल, सांभाळून घ्या."

"घेईन. पण उलट बोललीस तर याद राख!"

मग त्या उघड्याबोडक्या खोल्यांतून एक संसार उभा राहिला. तो नवरा होऊन रुसला, मुलगा होऊन नापास झाला, सून होऊन खरोखरच उलट बोलला आणि बाईंची बोलणी खाऊन बसला. बाईंनी नसलेल्या ओट्यावर चहा उकळला, नसलेल्या पलंगावर नवऱ्याचे आजारपण काढले. तेथवर येता येता निर्मात्याचे घड्याळाकडे पाहणे थांबले होते. कॅमेरामन कोणी न सांगताच उठला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

शेवटचा प्रवेश आला. दिग्दर्शक अलगद मागे सरला. नव्या मालकिणीचे काम करणारी तरुणी दारात येऊन उभी राहिली. संहितेत येथे आईचे अश्रू लिहिलेले होते, संवाद एकही नव्हता. बाई रडल्या नाहीत. त्यांनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली, एकेक करून तिची बोटे मिटवली आणि हलक्या स्वरात म्हणाल्या,

"मागची खिडकी अडते हं. ढकलू नकोस, जरा उचलून उघड. सुखानं नांद, बाळा."