शिजेपर्यंत हलायचं नाही

दोन्या ऑरेलियानं पातेल्याचं झाकण उचललं, वरचा एक तमाल काढून मक्याचं साल सोललं, तर पीठ सालालाच चिकटून आलं. पहाटेपासून वाफेवर ठेवलेले मक्याच्या पिठाचे तमाले अजून कच्चेच होते.

"घरात कुणाच्या तरी मनात राग आहे," ती म्हणाली आणि सुनेकडे बघत राहिली.

सून म्हणजे नायेली. परदेशी पाहुण्यांना पुएब्ला शहराच्या गल्ल्यांतून खात-खात फिरवणं हे तिचं काम, आणि सासूची तमाल्यांची हातगाडी हा त्या फेरीतला ठरलेला थांबा. आज तिच्यामागे सात जण होते. पंगत लागल्यासारखे कागदी थाळ्या धरून उभे होते.

गॅस कमी होता असं सांगून तिला वेळ मारून नेता आली असती. पण रागाची ही गोष्ट ती प्रत्येक फेरीत मीठमसाला लावून सांगायची, आजही येता येता सांगून झाली होती. पातेल्याजवळ रागावलेलं माणूस असलं की तमाले शिजत नाहीत. मग त्या माणसानं पातेल्याच्या कानांना सालीच्या पट्ट्या बांधायच्या, पातेल्यापुढं नाचायचं, आणि तमाले शिजेपर्यंत तिथून हलायचं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"मग कोण रागावलंय?" एका टोपीवाल्या बाईनं उत्सुकतेनं विचारलं.

दोन्या ऑरेलियाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण असले प्रश्न कुठल्याही भाषेत कळतात. तिनं हातातला डाव सरळ नायेलीवर रोखला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, आज नको," नायेली म्हणाली. पाहुण्यांसमोर चेहरा हसराच ठेवावा लागे. "मला पुढं जायचंय."

"कुठं? मेरिदाला?" सासूही हसतच होती. तिनं गाडीखालचा पडदा पायानं जरा बाजूला केला. आत नायेलीची लाल बॅग होती. सकाळी गुपचूप कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे ठेवलेली. "त्यानंच आणून दिली. म्हणाला, सूनबाई मेरिदाला निघाल्यात नि बॅगच विसरून गेल्या वाटतं. भला माणूस आहे हो."

नायेलीचा हात खिशावर गेला. दुपारच्या बसचं तिकीट तिच्या खिशात होतं आणि मेरिदाच्या एका हॉटेलात उद्यापासून नोकरी. तिचा नवरा एफ्राईन सीमा ओलांडून उत्तरेला गेला त्याला वर्षं लोटली. आधी आठवड्याला फोन यायचा, मग सणावारी, आता तोही नाही. तरी दोन्या ऑरेलिया रोज रात्री त्याचं ताट मांडायची आणि त्या रिकाम्या ताटासमोर नायेलीला बसवायची.

"सांगणार होते मी तुम्हाला."

"कधी ग? बसच्या खिडकीतून?"

"काय म्हणतायत त्या?" टोपीवाल्या बाईनं विचारलं.

"म्हणतायत, पट्ट्या घट्ट बांध," नायेलीनं सांगितलं, आणि बांधल्या.

कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. नायेली भर रस्त्यात पातेल्यापुढं नाचू लागली. समोरचा चांभार हातोडी खाली ठेवून बघायला लागला. तिला लाज वाटत होती, आणि राग तर होताच, पातेलं काही खोटं बोलत नव्हतं. पातेल्याच्या तळाशी पाण्यात टाकलेलं नाणं खडखडत होतं. पाणी उकळत असेतो ते वाजतं आणि पाणी आटलं की गप्प होतं. इथल्या बायका गप्पा मारतानासुद्धा एक कान त्याच्याकडे ठेवून असतात.

बऱ्याच वेळानं मक्याचा गोडसर वास सुटला. हा वास इथलं शेंबडं पोरही ओळखेल.

"आई, झाले." नायेलीला धाप लागली होती. बस अजून मिळाली असती.

दोन्या ऑरेलियानं एक तमाल सोलला. साल अलगद सुटून आलं. तिनं ते पुन्हा गुंडाळलं आणि झाकण ठेवलं.

"कच्चे आहेत."

"अहो, साल सुटलं की! मी बघितलं."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून करतेय मी. कच्चे म्हणजे कच्चे." तिच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. "एफ्राईन गेला त्या दिवशी लोण्यासारखे शिजले होते. त्याच्या मनात काही नव्हतंच, ना राग, ना माया. तुझ्या मनात राग तरी आहे, पोरी."

"अजून कच्चे?" पाहुण्यांना केवढा आनंद झाला. "पुन्हा! पुन्हा!"

नायेली पुन्हा नाचली.

आणि नाणं वाजायचं थांबलं.

दोघींनीही ते ऐकलं. पाण्यानं भरलेला जग गाडीच्या कडेवर होता, पण सासूनं हात मांडीवर घेतले आणि ती रस्त्याकडे बघत बसली. नायेलीला कुणी धरून ठेवलं नव्हतं. पडदा उघडा होता, बॅग हाताच्या अंतरावर होती. एक पातेलं करपेल, एवढंच. पाहुण्यांना त्या नाण्याचा पत्ताही नव्हता, ते गाण्यावर ताल धरून होते. करपल्याचा पहिला बारीक वास आला.

नायेलीचा हात जगकडे गेला. तिनं झाकण तिरकं केलं आणि कडेकडेनं, तमाले भिजणार नाहीत अशा बेतानं, पाणी ओतलं.

नाणं पुन्हा वाजू लागलं, तेव्हा दोन्या ऑरेलियानं पायानं पडदा सारखा केला.