किलकिलं दार

"बाबा, आज तरी गंधालीले उभं करू नका," म्हणत चित्राने सासऱ्यांच्या हातात रिपोर्ट ठेवला.

पुरानी बस्तीतल्या देवळात कीर्तनाला पाच मिनिटं उरली होती. बाबाराव कमरेला उपरणं बांधत होते. मागे त्यांची नात, चित्राची दहा वर्षांची, हिंदी शाळेत जाणारी गंधाली, झांजा घेऊन खांबाला टेकली होती. झांज वाजवणाऱ्याने कीर्तनकाराच्या पाठीशी उभंच राहायचं, ही त्यांच्या घरची तीन पिढ्यांची रीत. पोरीचे पाय मात्र अर्ध्या अभंगातच लटपटायचे. ताकद यावी म्हणून बाबाराव तिला रोज पंचवीस बैठका काढायला लावत.

"कॅल्शियम कमी निघालं ना? मी म्हणतच होतो, नाचणी द्या."

"कमी नाही, बाबा. आपल्या पेशीपेशीत शक्ती तयार करणारी बारीक घरं असतात. मायटोकाँड्रिया म्हणतात त्याले. दारावर एक प्रोटीन पहाऱ्याले असते. काम पडलं की कॅल्शियम आत सोडायचं, एरवी दार लावून घ्यायचं. आपल्या गंधालीत ते प्रोटीनच बनून नाही राहिलं. दार सदा किलकिलं. कॅल्शियम सारखं झिरपते, अन् घर थकून जाते."

बाबारावांच्या हातातली गाठ सुटली. "अन् मी पोट्टीले आळशी म्हणून राहिलो होतो! मग बैठका?"

"बंद. थकायच्या आधी थांबायचं. औषध अजून निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मुलांची ताकद टिकते. शाळा, गाणं, सगळं होईल."

गंधाली खांब सोडून पुढे आली. "आजोबा, मैं खड़ी हो जाऊँगी ना. बस, मुझे निकालना मत."

बाबारावांनी उपरणं पुन्हा बांधलं. चिपळ्या घेतल्या, देवापुढे गेले, नमस्कार केला आणि उभं राहायच्या जागी चक्क मांडी घालून बसले.

पेटीवरचे नीलकंठराव दचकले. "काहून बसले, महाराज? तब्येत?"

"झकास हाय."

"दिसून नाही राहिले!" मागून कोणी ओरडलं.

"ऐकू येऊन राहिलं ना? मग सरका पुढं."

गंधाली त्यांच्या पाठीला पाठ टेकून बसली. झांजा सावरत कुजबुजली, "आजोबा, आपके घुटने! उठोगे कैसे?"

"तुले उठवील, तोच मलेही उठवील. वाजव."