बुधरीचं मडकं

"भाऊ, हे मडकं चालेल का?" सुकलूनं विचारलं.

गुणवंतरावांनी मडकं हातात घेतलं. काठाला एका जागी टवका उडाला होता. त्यावरून त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला.

"दुसरं नाही का घरात?"

"हेच आहे."

"चालेल मग. रिकामं मडकं अन् छातीत दम, आणखी काय लागतं?"

गुणवंतराव वरोऱ्याचे. मुंबईच्या पाच-सहा सिनेमांत त्यांचा चेहरा दिसला होता. कधी ठेकेदार, कधी हवालदार. त्यांचं दुसरं काम मात्र फारसं कोणाला माहीत नव्हतं. पडद्यावरचा वाघ सर्कशीतला असायचा, म्हातारा, तोंड उघडलं तर जांभई देणारा. त्याला डरकाळी द्यायचे ते गुणवंतराव, मडक्यात तोंड घालून.

सुकलूला हे कळलं यंदाच्या हिवाळ्यात. बांबू भरलेली बैलबंडी घेऊन तो वरोऱ्याला गेला होता. तिथं तंबूतल्या सिनेमावाल्यानं गुणवंतरावांना हार घातला आणि खेळाआधी वाघ ऐकवायला सांगितलं. गुणवंतराव मडकं घेऊन उभे राहिले. बाहेर बांधलेल्या बैलांनी कासरे तोडले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सुकलू पुढं, जमिनीवर बसला होता. त्यानं टाळी वाजवली नाही.

खेळ सुटल्यावर तो हात जोडून उभा राहिला. "आमच्या जंगलात एकडाव या, भाऊ. माह्या पोरीले नेणारा अजून मोकळा हिंडून राह्यला. बकरा बांधला, हेला बांधला, येत नाई. तुमी हाक मारली का येईल."

गुणवंतराव लगेच हो म्हणाले नाहीत. पण तंबूवाला म्हणाला, पेपरात फोटो येईल. मग ते हो म्हणाले.

त्या पोरीला, बुधरीला, ते ओळखत होते. गेल्या फागुनात सिनेमाची कंपनी मोहर्लीपलीकडच्या या गावाजवळ पंधरा दिवस उतरली होती. बुधरी तंबूत पाणी भरायची. गुणवंतराव तिला सिनेमातलं बोलणं शिकवायचे. एका सांजेला ती परत आलीच नाही. गावानं तीनदा डरकाळी ऐकली. पहिली दबकी, दुसरी चढी, तिसरीनं सुकलूच्या बायकोच्या, सोमारीच्या चुलीवरची झाकणी हलली. लोकांनी दारं लावून घेतली. सकाळी नाल्यात बुधरी सापडली. पहिले पोचले ते गुणवंतरावच. ते फार रडले होते.

सुकलू तेव्हा लाकडाच्या बंडीबरोबर चांद्याला होता. तो आला तोवर माती देऊन झाली होती. नाल्यातले माग लोकांच्या पायांनी पुसले होते. बुधरीचं, काठाला जुना टवका असलेलं मडकं मात्र शाबूत होतं. शंभर पावलांवर, सागाच्या बुडाशी नीट ठेवलेलं.

वाघानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो. बुधरीचा ढीग आता कमरेएवढा झाला होता. सुकलू रोज सकाळी एक ठेवायचा. पोरीला मारणारा पडेस्तोवर डोक्याला पटका बांधणार नाही, असं त्यानं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. वर्षभर तो बोडक्या डोक्यानं हिंडत होता.

दुपारी तिघं नाल्याकडं निघाले. तिसरा पत्रू, जंगलखात्याचा गार्ड.

"भाऊ, एकावेळी किती डरकाळ्या मारता?" पत्रूनं विचारलं.

"तीन. पहिली हलकी, मग एकेक चढवत न्यायची. चौथी झाली की लोक कंटाळतात, असं आमचा डायरेक्टर म्हणतो. आता सवयच झाली."

"वाघ मोजत नाई, भाऊ," सुकलू म्हणाला.

"त्याला कुठं डायरेक्टर असतो!" गुणवंतराव हसले. पत्रूही हसला. "अन् वाघ खरंच आला तर पैले मलेच खाईल की रे," गुणवंतराव आपल्या बोलीवर येत म्हणाले.

"तुमाले वाघ हात नाई लावणार. माहा शब्द आहे."

शिकारीत कोणाला कुठं बसवायचं ते ज्याची बंदूक तो ठरवतो. दुसरा त्यात बोलत नाही. सुकलूनं पत्रूला मोहाच्या झाडावरच्या मचाणावर चढवलं आणि गुणवंतरावांना घेऊन एकटाच पुढं गेला. थोड्या वेळानं परत येऊन पत्रूशेजारी बसला. भरमार बंदूक मांडीवर घेतली.

"कुठी बसवलं त्याईले?"

"आवाज घुमते तिथी." सुकलूनं पाठीमागच्या वळणाकडं हात केला.

ऊन उतरलं. मोर ओरडून गप्प झाले. समोरच्या सागाखालच्या झुडपातून पहिली डरकाळी आली. पत्रू पुढं वाकला. दुसरी आली. झुडूप हललं.

"हा तर खराच आला!" पत्रू कुजबुजला. "मार, सुकलूभाऊ!"

सुकलू थांबला. तिसरी पुरी होऊ दिली. मग बार काढला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. पत्रू रडत पुन्हा पुन्हा सांगत होता, "मीच म्हटलं मार म्हणून. साहेब, जन्म गेला जंगलात, मले वाघच वाटला." गावानं सांगितलं, आवाज हुबेहूब होता, आम्ही तर दारं लावून घेतली. साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं: अंधुक उजेड, वाघ समजून गुणवंतरावांना गोळी, अपघात. सुकलूनं अंगठा दिला.

तिसऱ्या सकाळी सोमारी पाण्याला निघाली. नवरा बुधरीच्या ढिगाजवळ वाकलेला दिसला. डोक्याला पांढरा पटका होता. तो एकेक दगड उचलून नाल्यात फेकत होता.

तिनं डोक्यावरची रिकामी घागर सावरली. "येडे झाले का? वाघ तर अजून जित्ता आहे. पटका काऊन बांधला? अन् पोरीचे दगड काऊन काढून राह्यले?"

सुकलूनं हातातला दगड फेकला, दुसरा उचलला.

"वाघानं मारलं त्याचे दगड असतेत हे, सोमारी."