आंधळा नावाडी

अनुवादकाने मूळ लेखनात पदरचा एक शब्दही घालू नये, हे तत्त्व याद्विगाबाईंनी जन्मभर पाळलं. अपवाद फक्त आंधळ्या नावाड्याचा. तीस वर्षांपूर्वी फॅक्सवर कादंबरीची अकरा पानं आलीच नाहीत, छापखाना खोळंबला होता, आणि नायक एका प्रकरणात ऐलतीरावर तर पुढच्यात थेट पैलतीरावर. त्याला कुणीतरी पार करणं भागच होतं. मग वाचकांची इतकी पत्रं आली, की पुढच्या तीन खंडांतही नावाडी घालावा लागला.

आज पोलंडमधल्या पोझनान शहरी चाहत्यांच्या मेळाव्याला खुद्द लेखक पहिल्यांदाच आले होते. शेजारी दुभाषी म्हणून बाईच, आणि समोर डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्च्यांना अडखळणारे चाळीस कंदीलधारी नावाडी.

"हे कोण हो?" लेखकांनी हळूच विचारलं. बाईंनी ऐकलंच नाही.

तेवढ्यात झेनेक नावाचा प्लंबर उभा राहिला. "सर, नावाडी तुम्हाला सुचला कसा? मी पाठीवर गोंदवून घेतलाय!"

"दाखवू नकोस रे बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं.

प्रश्न फिरवणं बाईंच्या हातात होतं. पण तीस वर्षं धाकात काढली ती पुरे, असं ठरवून त्यांनी तो लेखकांना जसाच्या तसा सांगितला आणि अब्रू जायची वाट बघत मान खाली घातली.

लेखकांनी चाळीस कंदिलांवरून सावकाश नजर फिरवली. चष्मा पुसला.

"ते माझे आजोबा," ते म्हणाले.



याद्विगाबाईंनी शब्दशः भाषांतर केलं.